विमान घेणं सोपं, सांभाळणं कठीण!

आधी बाइक झाली. मग सेकंडहँड कार. मग बँकेच्या कृपेने नवी कोरी कार आणि त्याच बँकेच्या कृपेने टू बीएचके. आता पुढे काय? शुक्रवारी संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकल्यावर तुमच्याही डोक्यात हा विचार येऊन गेला असेल, की साला, आपलं एक छोटंसं विमान असतं तर!

हसू नका. हा वेडेपणा फक्त अंबानी-अदानींनी करायचा असतो असं काही नाही. इथे विषय बिझनेस जेटचा नाहीच. विषय आहे दोन किंवा चार सीटच्या, समोर एक पंखा असलेल्या चिमुकल्या विमानाचा. त्याचं इंजिन ऐकलं तर ट्रॅक्टरची आठवण येईल आणि दार लावलं तर जुन्या मारुती ८०० ची. १० फेब्रुवारी १९२९ ला मुंबईत जेआरडी टाटांना भारतातलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं, तेव्हापासून आपल्याकडे हे खूळ आहे. त्याला शंभर वर्षं होत आली.

पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते. विमान विकत घेणं हा या प्रेमकथेतला साखरपुडा. खरा संसार त्यानंतर सुरू होतो. आणि तो कसा करायचा, हे शिकायला पॅरिस-न्यूयॉर्कला जायला नको. आपल्या विदर्भात, धानाच्या शेतांमधल्या एका धावपट्टीवर बघितलं तरी पुरे.

भंडाऱ्याची धावपट्टी

धावपट्टीचं नाव बिरसी. आज ती गोंदिया जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा होईपर्यंत हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्याचाच होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी इथे धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, ब्रिटिश गेले, धावपट्टी तशीच पडून राहिली. मग २००० नंतरच्या दशकात तिचं नशीब उघडलं. एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडिया आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून इथे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि बिरसीच्या आकाशात डायमंड कंपनीची पांढरीशुभ्र छोटी विमानं दिसू लागली.

पांढरीशुभ्र का, माहितीये? स्टाइल म्हणून नाही. ही विमानं पत्र्याची नसतात, फायबर आणि रेझिनची असतात. गडद रंग दिला तर उन्हात अंग तापतं, आणि तापलं की रेझिन कमकुवत होतं. म्हणून पांढरा रंग. म्हणजे तुमच्या ड्रीम विमानाला काळा मॅट फिनिश वगैरे द्यायचा विचार असेल, तर तो आत्ताच विसरा. विमानाच्या संसारातला हा पहिला धडा. इथे हौसेपेक्षा मॅन्युअल मोठं.

नागपूरहून बिरसी सरळ रेषेत साधारण १३५ किलोमीटर. सेसना १७२ सारखं चार सीटचं विमान ताशी २२० किलोमीटरने जातं, म्हणजे हवेत ४० मिनिटांच्या आत-बाहेर. खाली बघून उडायचं असेल तर हा रस्ता झक्कास आहे. उजव्या हाताला भंडारा, डाव्या हाताला तुमसर, मधून वैनगंगेचं रुंद पात्र, पुढे तिरोड्याच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या. आणि सगळीकडे पसरलेले तलाव. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा का म्हणतात, ते वरून एका नजरेत कळतं.

ऐकायला कसलं भारी वाटतं ना! आता जमिनीवर येऊ.

उडायच्या आधी कागद उडतात

शनिवारी सकाळी मूड आला, किल्ली फिरवली आणि निघालो, असं इथे चालत नाही. आधी तुम्हाला लायसन्स हवं. प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी वयाची १७ वर्षं पूर्ण, दहावी पास, डॉक्टरी तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचं उड्डाण. त्यातले २० तास एकट्याने. हे लायसन्स फक्त हौसेचं. पैसे घेऊन कुणाला फिरवता येत नाही. त्यासाठी कमर्शियल लायसन्स लागतं आणि तिथे आकडा २०० तासांवर जातो.

मग विमानाचे कागद. 'व्हीटी' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, उडण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र, दरवर्षी त्याचा आढावा, विमा, रेडिओचं वेगळं लायसन्स. शिवाय प्रत्येक उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन आणि हवाई संरक्षणाचा क्लिअरन्स नंबर. तो नंबर नसेल तर तुमचं विमान रडारवर 'अनोळखी पाहुणा' ठरतं. आणि हवाई दलाला अनोळखी पाहुणे आवडत नाहीत.

हे कागद किती जड असतात, हे कॅप्टन अमोल यादव यांना विचारावं. मूळचा सातारा जिल्ह्यातला हा मराठी पायलट. त्यांनी विमान विकत घेतलं नाही, कांदिवलीत चारकोपला स्वतःच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बांधलं! सहा सीटचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीत 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं आणि मुंबई थक्क झाली. पण नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. उडवायची परवानगी आली ऑक्टोबर २०१९ मध्ये. आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेलं २०२० मध्ये. लोकांनी टाळ्या वाजवल्यापासून चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत चार वर्षं! तोवर विमान काही फोटो फ्रेममध्ये ठेवता येत नाही. ते कुठेतरी उभं करावं लागतं, त्याची निगा राखावी लागते, आणि रोज सकाळी स्वतःला समजवावं लागतं की आपण वेडे नाही.

कर? तोही ऐकून घ्या. स्वतःच्या वापरासाठी आणलेलं विमान सरकारच्या दृष्टीने चैन आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर ४० टक्के जीएसटी आहे. नव्या सेसना १७२ ची किंमत चार लाख डॉलरच्या पुढे जाते. पुढचा गुणाकार तुम्हीच करा. मी पाणी पिऊन येते.

विमानाभोवती प्रदक्षिणा

समजा, लॉटरी लागली आणि हे सगळं पार पडलं. विमान तुमचं झालं. आता रोजची पूजा. उडण्यापूर्वी पायलट विमानाभोवती एक पूर्ण फेरी मारतो. देवळातल्या प्रदक्षिणेइतकी नियमित, पण डोळे उघडे ठेवून.

इंजिन ऑइल काठीने मोजायचं. टायर बघायचे. पंख्याच्या पात्यावरून हात फिरवायचा, खडा लागून कुठे टवका उडालाय का ते तपासायला. पंखांच्या मागचे हलणारे भाग हाताने हलवून बघायचे. पेट्रोलच्या टाक्यांची झाकणं उघडून प्रत्यक्ष आत डोकावायचं, कारण गेजवर विसंबून राहणं हे इथे पाप आहे. मग टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल छोट्या पारदर्शक नळकांड्यात काढून उजेडात धरायचं. या विमानांचं पेट्रोल वेगळं असतं, अॅव्हगॅस १०० एलएल, रंगाने निळसर. पाणी त्यापेक्षा जड. रात्रीच्या दमट हवेने टाकीत पाणी जमलं असेल, तर ते नळकांड्याच्या तळाशी बुडबुड्यासारखं दिसतं. दिसलं तर पुन्हा काढायचं, निव्वळ निळं येईपर्यंत. ते पाणी जमिनीवर सापडलं तर दोन मिनिटं जातात. टेकऑफनंतर तीनशे फुटांवर 'सापडलं' तर इंजिन जातं.

आणि एक खास गोष्ट. पंखाखाली पेनासारखी एक नळी असते, पिटो ट्यूब. समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजून ती तुम्हाला वेग सांगते. आपल्याकडे कुंभारीण माशी असते ना, मातीचं घरटं बांधणारी? तिला ही नळी म्हणजे रेडी पझेशनचा फ्लॅट वाटते. दोन-चार दिवस नळीवर टोपी नाही घातली की माशीने चिखल भरलाच म्हणून समजा. मग वेग चुकीचा दिसतो. ही गंमत नाही. १९९६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकजवळ एक बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ माणसं गेली. वेग मोजणारी नळी बंद होती, आणि त्यामागे अशाच माशीचं घरटं असावं असा तपासकर्त्यांचा संशय होता. म्हणून लाल फीत लावलेली ती टोपी उभ्या विमानाला घालायची, आणि उडण्याआधी आठवणीने काढायची. दोन्ही तितकंच महत्त्वाचं.

मग इंजिन सुरू. पण लगेच पळायचं नाही. या इंजिनाला स्पार्क देणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात, मॅग्नेटो. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. इंजिन साधारण १८०० आरपीएमवर नेऊन एकेक मॅग्नेटो बंद करून बघायचा. आरपीएम थोडे पडले तर ठीक, जास्त पडले तर विमान वळवा आणि परत हँगरला न्या. कितीही लांबून पाहुणे आले असले तरी.

महाबळेश्वर, पण ४५ डिग्री

आता उडू. सेसना १७२ जमीन सोडते ती ५५ नॉट्सच्या आसपास, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला. समृद्धी महामार्गावर तुमची कार याहून जोरात जाते. फरक इतकाच, की कार चढत नाही!

आणि मे महिन्यात भंडारा-गोंदियात विमानालाही चढायचा कंटाळा येतो. कारण तिथला उन्हाळा. गरम हवा पातळ असते. पंखांना टेकायला हवा कमी, पंख्याला ढकलायला हवा कमी, इंजिनाला श्वास घ्यायला हवा कमी. बिरसीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फुटांवर आहे. पण पारा ४५ वर गेला की विमानाला वाटतं आपण पाच हजार फुटांवरून उडतोय. महाबळेश्वरपेक्षाही उंच! तिथली गार हवा नाही, स्ट्रॉबेरी नाही, फक्त विरळपणा. त्यामुळे धावावं जास्त लागतं आणि चढणं हळू होतं.

यात भर म्हणजे वजन. चार सीट आहेत म्हणून चार मित्र बसतील, हा गैरसमज आहे. टाक्या फुल्ल भरल्या तर १७२ मध्ये तब्येतीने बऱ्या अशा तीन माणसांपुरतंच वजन उरतं. चौथ्याला न्यायचं तर पेट्रोल कमी करा. म्हणून छोट्या विमानाचे पायलट पाहुण्यांना सरळ वजन विचारतात, आणि बॅगेचंही. लाजायचं नाही. खरं सांगायचं.

यावर उपाय साधा आहे. उन्हाळ्यात सकाळी लवकर उडायचं, ऊन तापायच्या आत उतरायचं. हिवाळ्यात उलटं. पहाटे धानाच्या बांध्यांवर आणि तलावांवर धुकं असतं, तर ते उठेपर्यंत चहा पीत बसायचं. पावसाळ्यात ढग समोर उभा राहिला तर परत फिरायचं. परत फिरणं ही या खेळातली सगळ्यात मोठी स्किल आहे. आणि ती मनाने शिकावी लागते, हाताने नाही.

कारण याची किंमत खरी असते. १८ मार्च २०२३ ला बिरसीहून निघालेलं एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळलं. त्यातले प्रशिक्षक आणि शिकाऊ पायलट, दोघंही गेले. ज्या आकाशाचं आपण इतकं रोमँटिक वर्णन करतो, त्याच आकाशातली ही गोष्ट. ती बाजूला ठेवून विमानाच्या हौसेबद्दल लिहिणं बरोबर नाही.

उभं राहिलं की गंजतं

आता संसारातला सगळ्यात मोठा धडा. कार तुम्ही महिनाभर पार्किंगमध्ये ठेवली तर फार तर बॅटरी उतरते. विमान उभं राहिलं तर आतून खराब होतं.

छोट्या विमानांमध्ये सर्रास दिसणारं लायकमिंगचं इंजिन घ्या. त्यात झडपा उघडणारा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला बसवलेला असतो. इंजिन बंद राहिलं की त्यावरचं ऑइल हळूहळू खाली निथळतं. लोखंड उघडं पडतं. त्यात आपल्या पावसाळ्याचा दमटपणा. गंज धरतो, आणि पुढच्या वेळी इंजिन सुरू केलं की तोच गंज कानशीसारखा लोखंड खातो. बाहेरून विमान चकाचक, आत मात्र खेळ खलास.

काही हुशार लोक म्हणतात, ठीक आहे, दर रविवारी दहा मिनिटं जागेवरच इंजिन चालवू. नेमकं हेच करू नका, असं इंजिन बनवणारी कंपनीच सांगते! जागेवर चालवून ऑइल पुरेसं तापत नाही, उलट जळणातून तयार झालेलं पाणी आतच राहतं. ऑइल नीट तापून पाणी उडून जायचं तर किमान अर्धा तास खरंखुरं उडावं लागतं. म्हणजे विमान जपायचा एकच मार्ग. उडवणं.

आणि तरीही घड्याळ चालूच असतं. साधारण दर ५० तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलायचा. दर १०० तासांनी मोठी तपासणी. काउलिंग उघडून, सिलिंडरची कॉम्प्रेशन तपासून, प्लग काढून साफ करून. आणि २००० तास किंवा १२ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा पूर्ण इंजिन उघडून ओव्हरहॉल, अशी कंपनीची शिफारस. नोकरी करणारा माणूस वर्षाला फार तर १०० तास उडवेल. त्याचे २००० तास भरायला २० वर्षं लागतील, पण १२ वर्षं १२ वर्षांतच भरतात. थोडक्यात, तुम्ही उडवलं नाहीत तरी इंजिन म्हातारं होतं.

यातलं बरंचसं काम तुम्ही स्वतः पाना घेऊन करू शकत नाही. लायसन्सधारी एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरने काम तपासून सही केल्याशिवाय विमान हलत नाही. आणि प्रत्येक तास, प्रत्येक बदललेला भाग, प्रत्येक सही लॉगबुकात जाते. जुनं विमान विकत घेताना जाणकार आधी रंग बघत नाहीत, लॉगबुक वाचतात. त्यातली रिकामी पानं काळजीची. ती सांगतात, हे विमान इतके महिने कुणी उडवलंच नाही.

नागपूरकरांनी हे जवळून पाहिलंय. नागपूर फ्लाइंग क्लब १९४७ सालचा, म्हणजे स्वतंत्र भारताच्या वयाचा. सेसना विमानं होती, शिकायला येणारी पोरं होती. पण परवानग्यांच्या अभावी मधली काही वर्षं तिथलं प्रशिक्षणच बंद पडलं होतं. नंतर गाडी रुळावर आली आणि क्लबने चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीवर शिकवायला सुरुवात केली. क्लबची ही तऱ्हा, तर एकट्या-दुकट्या हौशी माणसाचं काय!

मग स्वप्न सोडायचं?

मुळीच नाही. फक्त ते एकट्याने बघायचं नाही. जगभर हौशी पायलट विमान भागीदारीत घेतात. चौघं मिळून एक. हँगरचं भाडं, विमा, इंजिनिअरचा पगार चौघांत वाटला जातो, आणि विमान आठवड्यातून एकदा तरी उडतं. म्हणजे खर्चही कमी आणि गंजही कमी. आपल्याकडे फ्लाइंग क्लब हा त्याचाच देशी अवतार.

दुसरी वाट छोट्या इंजिनाची. मुंबईच्या आरोही पंडितने २०१९ मध्ये अटलांटिक आणि मग पॅसिफिक ओलांडला तो पिपिस्ट्रेल सायनस नावाच्या चिमुकल्या 'लाइट स्पोर्ट' विमानातून. त्याचं नाव माही. त्यातलं रोटॅक्सचं इंजिन तर पंपावरच्या साध्या पेट्रोलवरही चालतं. अॅव्हगॅस मिळवणं ही आपल्याकडे कायमची डोकेदुखी होती. वर्षानुवर्षं ते परदेशातून यायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनलेलं अॅव्हगॅस बाजारात आणलं, तेव्हा कुठे देशी सोय झाली. सेसना १७२ तासाला ३५ लिटरच्या आसपास पिते, हे लक्षात घेतलं की रोटॅक्सचं महत्त्व कळतं.

आणि तिसरी, सगळ्यात स्वस्त वाट. आधी शिका तर खरं! धुळे, बारामती, शिरपूर, जळगाव, गोंदिया... महाराष्ट्रात ठिकठिकाणी प्रशिक्षण संस्था निघाल्यात. चाळीस तास पुरे करता करता तुम्हाला कळेल, की आपलं प्रेम विमानावर आहे की विमानाशेजारी काढलेल्या फोटोवर. दुसरं असेल तर काही बिघडलं नाही. खूप पैसे वाचले!

पण पहिलं असेल, तर एक दिवस तुम्ही भल्या सकाळी हँगरचं दार सरकवाल. नळीवरची लाल टोपी काढाल, निळं पेट्रोल उजेडात धरून बघाल, पात्यावरून हात फिरवाल, आणि वारा नीट नाही म्हणून दार पुन्हा बंद करून घरी जाल. त्या दिवशी समजा, विमान खऱ्या अर्थाने तुमचं झालं.